सुख कोणाचे, जबाबदारी कोणाची?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त मारेगाव येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'जीवनात आनंद आणि जबाबदारी एकत्र नांदू शकतात काय?' कागदावर विषय मोठा गोड दिसतो. पण तो कुठून आला हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तेव्हा आडपडदा कशाला ठेवायचा? मागच्या जयंतीच्या बैठकीत याच सतरंजीवर जे झालं, त्यातून तो आला. पोरं म्हणाली, डीजे पाहिजे. वडीलधारी मंडळी म्हणाली, डीजे नाही, व्याख्यान होईल. एक पोरगा उठून म्हणाला, "आमी वर्षभर राबतो, येक दिवस नाचलो तं काय झालं?" इकडून उत्तर गेलं, "बाबासाहेबांनी रक्त आटवलं ते काय तुमच्या नाचण्यासाठी?" बैठक तिथेच मोडली. पोरांनी वेगळी समिती काढण्याची भाषा केली आणि काही म्हाताऱ्यांनी विहारात पाय न ठेवण्याची. विहार एक, वस्ती एक, आणि फळी दोन. म्हणून हा विषय गोड नाही. तो आपल्या घरातला आहे.

बंधूंनो, दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या खऱ्या, पण दोघांचं म्हणणं एकच होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं काय? पोरगा म्हणतो, राबणं वेगळं, मजा वेगळी, वर्षात एक दिवस तरी मजा द्या. म्हातारा म्हणतो, चळवळ वेगळी, मजा वेगळी, म्हणून मजा बंद करा. जबाबदारी जिथे आहे तिथे सुख नाही आणि सुख जिथे आहे तिथे जबाबदारी नाही, यावर दोघांचं एकमत! आमचं म्हणणं असं की हे एकमतच चुकीचं आहे. तथागतांच्या धम्मात ते बसत नाही आणि बाबासाहेबांच्या चळवळीच्या इतिहासातही बसत नाही.

आधी धम्माचं पाहू. पुष्कळ लोकांची अशी समजूत आहे की बुद्ध म्हणजे दुःख, वैराग्य, चीवर आणि भिक्षापात्र. संसारी माणसासाठी बुद्धाने काही सांगितलंच नाही. ही समजूत ज्यांनी पसरवली त्यांचा हेतू काय होता ते सोडा. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय माणसाची गोष्ट आहे. हा दीघजाणू बुद्धाकडे येतो आणि अगदी मोकळेपणाने सांगतो की, भगवान, आम्ही संसारी माणसं आहोत. लेकराबाळांच्या गर्दीत राहतो, काशीचं चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, पैसाअडका बाळगतो. आमच्यासारख्यांचं या जन्मी कल्याण कशात आहे ते सांगा. आता आमचा एखादा कडक कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, आधी ते चंदन पूस आणि मग बोल. बुद्ध तसं म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. आपल्या कामात मेहनत आणि हुशारी असावी. घामाने कमावलेलं सांभाळावं. संगत चांगल्या माणसांची धरावी. आणि चौथी गोष्ट, मिळकत व खर्च यांचा तोल राखावा, तराजू धरणारा जसा दांडी पाहतो तसा.

या चौथ्या गोष्टीला जोडून बुद्धांनी जो दाखला दिला तो आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा आहे. कमी मिळकतीत जो उधळतो तो उंबर खाणाऱ्यासारखा. चार फळं खायची म्हणून आख्खं झाड हलवतो, सडा पाडतो आणि बाकीचं मातीत जातं. डीजेवाल्या पोरांनी हे ऐकून घ्यावं. पण दाखला इथे संपत नाही. पुढे बुद्ध म्हणतात की ज्याची मिळकत चांगली आहे आणि तरी जो चिकटपणे, हालात जगतो, तोही अनाथासारखा मरेल. हे आमच्या कडक मंडळींनी ऐकावं. उधळ्याची निंदा आहे तशी उपाशी राहणाऱ्याचीही आहे.

बाबासाहेबांनी हेच धरलं. १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लेख लिहिला. खरा धर्म कसा असावा याच्या ज्या कसोट्या त्यात दिल्या, त्यांत एक अशी की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, त्याचे गोडवे गाऊ नयेत. श्रीमंताने संपत्ती सोडली तर ती त्याची गोष्ट झाली. पण ज्याच्या घरात सोडायलाच काही नाही त्याला दारिद्र्याचं पावित्र्य सांगणं ही फसवणूक आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हजार वर्षं तेच सांगितलं गेलं. चांगलं नेसू नये, दागिना घालू नये, तूप खाऊ नये, वाजतगाजत वरात काढू नये. म्हणून आपल्या पोरांच्या अंगावर नवा कपडा पाहून आणि पायात चांगला जोडा पाहून आम्हाला तरी राग येत नाही. घालू द्या. त्या जोड्यामागे लढा आहे.

आता चार सुखांची गोष्ट. अनाथपिंडिक हा सावत्थीचा मोठा व्यापारी, जेतवन विहार देणारा. त्याला बुद्धांनी संसारी माणसाची चार सुखं सांगितली. पहिलं अत्थिसुख, म्हणजे हक्काने, घामाने मिळवलेलं आपल्याजवळ काही आहे याचं सुख. दुसरं भोगसुख. तिसरं अनणसुख, कोणाचं थोडंही नाही आणि फारही नाही, काहीच देणं नाही याचं सुख. चौथं अनवज्जसुख, म्हणजे काया, वाचा, मनाने आपल्या हातून वावगं झालेलं नाही याचं सुख. आणि बुद्ध म्हणतात, पहिल्या तिन्हींची किंमत चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकीही नाही. जुन्या माणसांना हिशेब लवकर कळेल, रुपयात एक आणा.

यातल्या दुसऱ्या सुखाकडे जरा थांबून पाहा, कारण आजच्या विषयाचं उत्तर तिथेच आहे. भोगसुख म्हणजे काय, तर माणूस आपल्या कमाईचा उपभोग घेतो 'आणि' त्यातून चांगली कामं करतो, याचं सुख. उपभोग आणि पुण्यकर्म या दोन गोष्टी एकाच सुखात घातल्या आहेत, वेगवेगळ्या केलेल्या नाहीत. खाणं आणि खाऊ घालणं मिळून एक सुख झालं. एकट्याने खाल्लं तर ते अर्धं, आणि दुसऱ्याला देऊन स्वतः उपाशी राहिलं तर तेही अर्धंच.

तिसऱ्या सुखाबद्दल मारेगावच्या माणसाला आम्ही काय सांगावं? कापसाच्या मुलखात अनण म्हणजे काय हे कोण विसरेल? २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आपला यवतमाळ जिल्हा होता. कशासाठी होता हे सांगायला नको, आपल्यातल्या कितीतरी जणांनी शेजारच्या दारातून ती मयत निघालेली पाहिली आहे. पाऊस, भाव, बियाणं, बँक, सावकार, ही सगळी कारणं आहेतच. आणि ती मोठी आहेत. कोणी लग्नात जास्त खर्च केला म्हणून शेतकरी मेला, असं जे शहरातले शहाणे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. पण आपल्याच वस्तीतलं एक घर आम्ही पाहिलं. बाप हमाल. मुलीच्या लग्नाला लोक काय म्हणतील म्हणून बँडबाजा, तीन पक्वान्नं, घोडा. बाईच्या नावावर गटाचं कर्ज. लग्नाचा मंडप एका दिवसात सुटला आणि आठवड्याचा हप्ता दोन वर्षं सुटला नाही. हप्त्याच्या दिवशी ती बाई कोणाच्या तरी वावरात निंदायला जायची आणि वसुलीवाला आला की पऱ्हाटीत खाली बसायची. त्या लग्नात जे नाचले त्यांच्यापैकी एकही हप्ता भरायला आला नाही. याला सुख म्हणायचं? त्यात पहिलं सुख नव्हतं आणि तिसरंही नव्हतं. दुसरं होतं, पण ते पाहुण्यांचं होतं.

आता आमच्या कामाकडे येतो. आम्ही जिनिंगची माणसं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की उलंगवाडी होईपर्यंत अंगावर रुईचे तंतू, नाकात तंतू, भाकरीतही तंतू. कामगाराला सुखावर बोलायचा काय अधिकार, असं कोणाला वाटेल. उलट कामगारालाच आहे, कारण फुरसत नावाची वस्तू कामगाराला कोणी दान दिलेली नाही, ती भांडून मिळवावी लागली.

महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक माणूस, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागणी केली की आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही, अशी तेव्हाची तऱ्हा. मालकांनी कानावर घेतलं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायांनीही भाषण केलं. एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे आजच्या सभेत बाईला माइक द्यायला कचरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी जो माणूस पाय पसरून टीव्हीपुढे झोपतो, त्याच्या उशाखाली लोखंड्यांची सहा-सात वर्षांची मेहनत आहे. झोपू नये असं आम्ही म्हणत नाही. झोपावं, कारण झोपेसाठीही ती सुट्टी होती. पण लोखंड्यांची आणखी एक दृष्टी होती, की हा एक दिवस कामगाराने समाजासाठीही वापरावा. आपली रविवारची सामुदायिक वंदना त्याच दिवशी असते, हा योग बरा आहे.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात कारखाना कायद्यात पगारी रजेची दुरुस्ती १९४५ ला झाली आणि कामाचे तास कमी करणारी दुरुस्ती १९४६ ला झाली. बारमाही कारखान्यांत आठवड्याला चौपन्न तासांची मर्यादा होती ती अठ्ठेचाळीसवर आली. आणि हंगामी कारखाने, म्हणजे आपल्या जिनिंग-प्रेसिंगसारखे, त्यांत साठ तास होते ते पन्नासवर आले. दहा तास. दर आठवड्याला कामगाराच्या पदरात दहा तास पडले. त्याने ते लेकरांत घालवावेत, तमाशा पाहावा, पुस्तक वाचावं, नाहीतर बाजेवर पडावं. सगळीकडे तो कायदा पाळला गेला असं नाही, आजही जात नाही, हंगामात रात्रपाळी करणाऱ्याला विचारा. पण कायद्याने हे मान्य केलं की कामगार म्हणजे यंत्राचा भाग नाही, त्याच्या आयुष्यात कामाशिवाय आणखी काही असलं पाहिजे.

गंमत अशी की हेही मुळात आपल्या धम्मात आहे. सिगालोवाद सुत्त घराघरांत वाचलं जातं. त्यात मालकाने नोकराशी कसं वागावं याचे पाच नियम आहेत. शक्ती पाहून काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात पाहावं. हे तीन तर कोणीही सांगेल. पण चौथा नियम असा की घरात काही खास गोडधोड झालं तर त्यातलं नोकरालाही द्यावं, आणि पाचवा, वेळोवेळी त्याला सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी! कष्टकऱ्याला नुसती भाकर पुरत नाही, त्याला गोडाचा घास लागतो आणि मोकळा दिवस लागतो, हे तथागतांना ठाऊक होतं.

यावर कोणी विचारील, आणि मागच्या बैठकीत एका जाणत्या उपासकाने विचारलंही, की त्याच सुत्तात बुद्धांनी जत्रा-तमाशाच्या नादाला संपत्तीनाशाचं दार म्हटलं आहे, त्याचं काय? खरं आहे. दारू, अवेळी भटकणं, तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस अशी सहा दारं सांगितली आहेत. पण नीट वाचा. नाच कुठे आहे, गाणं कुठे आहे, वाजवणं कुठे आहे, असा शोध घेत जो हिंडतो, त्याच्याबद्दल ते आहे. सुखाच्या मागे धावत सुटणाऱ्याबद्दल आहे. आणि याच सुत्तात नवऱ्याची जी कर्तव्यं दिली त्यांत बायकोला दागिना घ्यावा हेही एक कर्तव्य आहे. म्हणजे बायकोची हौस ही नवऱ्याची जबाबदारी! गाणं आणि दागिना यांच्याशी वैर असतं तर असं लिहिलं नसतं.

गाण्यावरून आपल्या जलशांची आठवण निघते. सत्यशोधकांनी जलसे काढले आणि ते पाहून आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांची मंडळी गावोगाव जायची. लोक रात्रभर हसायचे, टाळ्या द्यायचे आणि सकाळी उठून मेलेलं जनावर ओढायला नकार द्यायचे. कर्डकांच्या जलशाला बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा मानीत, असं चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्या जलशात मजा किती आणि प्रबोधन किती, हे वेगळं काढून दाखवता येईल काय? हसवलं नसतं तर लोक बसले नसते, आणि नुसतं हसवलं असतं तर गावकीची कामं सुटली नसती.

त्यानंतर वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म. पोटासाठी मुंबईत मजुरी. अक्षरओळख मोठेपणी झाली. अशा माणसाने हजारो गाणी लिहिली आणि खेड्यापाड्यांतून पायाला भिंगरी लावून गायली. २००४ साली ते गेले, पण आजही आपल्या घरातलं लेकरू वामनदादांचं गाणं ऐकत झोपतं. विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच गेले. या माणसांना कोणी विचारलं असतं की तुम्ही गाणं गाता ते आनंदासाठी की जबाबदारी म्हणून, तर त्यांना प्रश्नच समजला नसता.

आणि खुद्द बाबासाहेब? पोरांपुढे आम्ही त्यांचं एकच चित्र ठेवतो, अठरा तास अभ्यास, पाव खाऊन दिवस काढले, डोळ्यांत तेल घालून जागले. ते सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण याच माणसाला उंची पेनांची आवड होती, कुत्रा पाळायची हौस होती, दिल्लीच्या बंगल्यात बाग फुलवायचा नाद होता. उतारवयात, तब्येत साथ देत नसताना, ते व्हायोलिन शिकायला बसले. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. पुस्तक वाचणं हे त्यांना ओझं वाटत होतं असं कोण म्हणेल? आम्हाला वाटतं, त्यांच्या जबाबदारीचं एवढं ओझं त्यांना पेललं ते त्यातल्या अर्ध्या कामात त्यांना गोडी होती म्हणून. उरलेलं अर्ध नुसतं कष्टाचं होतं आणि तेही त्यांनी केलं.

पण भगिनींनो, इथे आम्हाला थांबून दुसरी बाजू सांगावी लागते. ही बाजू मांडली नाही तर आजचं भाषण खोटं होईल. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा इकडे मुंबईत रमाई काय करत होत्या? गोवऱ्या, उपास, आजारी लेकरं, एकामागून एक मुलांचे मृत्यू. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि त्या दिवसांत त्यांनी सोसलेल्या हालअपेष्टांची उघड नोंद केली. बाबासाहेबांनी ते ऋण मानलं. आपण मानतो काय?

आनंद आणि जबाबदारी एकत्र नांदतात काय, असा प्रश्न समितीने विचारला. आमच्या पाहण्यात तर ते एकाच घरात नांदतात, पण दोन माणसांत वाटलेले असतात. आनंद पुरुषाच्या वाट्याला आणि जबाबदारी बाईच्या. मागच्या जयंतीनंतर महिला मंडळातली एक वडील बाई आम्हाला म्हणाली, "भाऊ, जयंतीचा दिवस माह्यासाठी वर्षातला सगळ्यात जड दिवस असते. पहाटपासून बुंदी, मंग पाहुणे, मंग भांडे. मिरवणूक आमच्या दारावरून जाते तवा आवाज आयकाले येते, दिसत नाही." आपण ज्याला सामुदायिक आनंद म्हणतो तो निम्म्या समुदायाने पाहिलेलाच नाही. पोरांनो, तुम्ही नाचलात त्याचा आम्हाला राग नाही. तुमची आई नाचली नाही, निदान ओट्यावर उभी राहून तिने पाहिलंही नाही, याचा राग आहे. आणि व्याख्यान ऐकणाऱ्या मंडळींनो, तुम्हीही शेफारू नका. तुम्ही विचार ऐकत बसला होता तेव्हाही भांडी तीच बाई घासत होती. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो तेव्हा मात्र सतरंजीवर बायाच असतात. पुरुष कुठे असतात ते चौकात जाऊन पाहावं.

आमच्या मते सगळं भांडण इथे येऊन सुटतं. डीजे की व्याख्यान, हा प्रश्नच नाही. सुख ज्याने घेतलं, भार त्याने उचलला काय? आणि भार ज्याने उचलला, त्याला सुख मिळालं काय? एवढं पाहिलं की पुरे. ज्या मिरवणुकीत नाचणाराच दुसऱ्या दिवशी रस्ता झाडतो, त्या मिरवणुकीला आम्ही नाव ठेवणार नाही. मोठ्या आवाजाने पाळण्यातलं लेकरू दचकतं, दम्याचा म्हातारा कासावीस होतो, परीक्षेचं पोरगं कानात बोळे घालतं, ते सुख चौथ्या कसोटीला उतरत नाही, म्हणून त्या आवाजाला आमचा विरोध आहे. नाचण्याला नाही. ढोलकी, हलगी, लेझीम घ्या आणि पोट दुखेपर्यंत नाचा.

कडक कार्यकर्त्यांसाठीही दोन शब्द. सोण नावाचा भिक्खू होता, श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा. तो इतका चालला, इतका चालला की पायांतून रक्त आलं, तरी मन शांत होईना. घरी परत जावं असं त्याला वाटू लागलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू आधी वीणा वाजवत होतास ना, तार फार ताणली तर वाजते काय? फार ढिली ठेवली तर? जिनिंगमध्ये आम्ही हे रोज पाहतो. रोलर आणि पातं यांचा दाब ढिला पडला तर सरकीला रुई चिकटून राहते, आणि दाब जास्त झाला तर रोलर तापतो, तंतू जळतो. कापसात ठिणगी म्हणजे काय हे सांगायला नको. काही कार्यकर्ते असे तापलेले असतात. स्वतः कधी हसत नाहीत आणि दुसरा हसला की त्यांना चळवळीची गद्दारी दिसते. त्यांच्या त्यागाबद्दल आदर आहे. पण त्यांच्या घरातली पोरं विहाराकडे का फिरकत नाहीत, याचाही विचार व्हावा. बापाच्या तोंडावर जन्मभर नुसता वैताग पाहिला तर पोरगं म्हणेल, ही जबाबदारी असली असेल तर मला नको.

आमच्याकडची जुनी माणसं दीक्षेचं सांगत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ला चंद्रपूर. कोणी बंडीने, कोणी रेल्वेने, कोणी पायी. पांढरं लुगडं घ्यायला पैसे नव्हते तर बायांनी अंगावरचं मोडलं. शिदोरी संपली, पाय सुजले, पण वाटभर गाणी चालली होती. बावीस प्रतिज्ञा म्हणजे केवढी जबाबदारी! जुने देव सोडायचे, जुने सण सोडायचे, गावाशी वैर घ्यायचं. तरी सांगणाऱ्या म्हातारीच्या तोंडावर त्या दिवसाचं नाव काढलं की उजेड पडायचा. आम्ही कितीतरी जणींना विचारलं, एकीनेही त्या दिवसाचं वर्णन कष्ट म्हणून केलं नाही. आजही दीक्षाभूमीवरून परत येणारा माणूस पाहा, रात्रभर गर्दीत उभा राहिलेला, डोळे लाल, आणि काखेत पुस्तकांची पिशवी.

आता कामाचं बोलतो. समितीपुढे आम्ही तीन-चार गोष्टी ठेवल्या आहेत, त्या इथे सर्वांसमोर ठेवतो. येत्या जयंतीला स्वयंपाक पुरुष करतील. कसा होईल तो होईल, वरण करपलं तर करपलेलं खाऊ. मिरवणुकीत पुढे महिला मंडळ राहील. वर्गणी कोणी कर्ज काढून देऊ नये आणि कोणाच्या दारात आकडा ठरवून मागू नये, वहीत एक रुपयाही लिहिला जाईल. शिल्लक राहील त्यातून अभ्यासिकेसाठी दोन ट्यूबलाइट आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यावीत, कोणती ते अभ्यास करणारी पोरं ठरवतील, आम्ही नाही.

विहाराची एक चावी आजपासून तरुणांकडे राहावी असंही आम्ही सुचवलं आहे. यावर समितीत अजून वाद आहे, कोणी म्हणतं पोरं पत्ते खेळतील. खेळली तर आपण बोलू. पण कुलूप लावलेल्या विहारापेक्षा गोंगाटाचा विहार आम्हाला बरा वाटतो.

आपली पेटी दोन वर्षांपासून कपाटावर पडून आहे. भाता फाटला आहे. वणीला दुरुस्त करणारा मिळतो, त्याला दाखवायची आहे. ढोलकीची शाईही उडाली आहे. ज्याला वाजवता येतं त्याने आणि ज्याला शिकायचं आहे त्याने आपलं नाव दाराजवळच्या वहीत लिहावं. मुलींनीही लिहावं, तिथे मुलांसाठी अशी वेगळी रेघ ओढलेली नाही. पेटी घेऊन जायला मोटारसायकलवर मागे धरून बसणारा एकजण पाहिजे. रविवारी वंदना झाली की लगेच निघू.

नमो बुद्धाय, जयभीम.